कीटकांचे क्लोजअप: आधी उजेड, मग लेन्स

कीटकांचे फोटो काढायचेत असं कुणी म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून फोटो काढणारी लेन्स, घ्या. मॅक्रो लेन्स चांगलीच असते, त्यात वाद नाही. पण सुरुवातीलाच ती घ्यायची गरज नाही, आणि घेतली म्हणून फोटो आपोआप चांगले येत नाहीत. छोटी गोष्ट मोठी करून दाखवणं हा या छंदातला सगळ्यांत स्वस्त भाग आहे. जुनी लेन्स कॅमेऱ्यावर उलटी लावली तरी ते साधतं. खरी अडचण पुढे असते. इतक्या जवळ गेल्यावर पुरेसा आणि मऊ उजेड कुठून आणायचा, आणि जेमतेम मिलिमीटरभर खोलीत कीटकाचा डोळा नेमका फोकसमध्ये कसा पकडायचा? म्हणून हातात पैसे मोजके असतील तर लेन्सवर कमीत कमी घाला, थोडे उजेडावर घाला आणि उरलेला सगळा वेळ कीटकांना द्या, असं मी सांगेन. असं का, हे कळायला आधी थोडं गणित बघावं लागेल. ते सोपं आहे.

१:१ म्हणजे काय

मॅक्रोमध्ये सगळी मापं मॅग्निफिकेशनची असतात. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर (प्रतिमा टिपणाऱ्या चिपवर) पडलेली कीटकाची प्रतिमा प्रत्यक्ष कीटकाएवढीच असेल तर ते १:१, म्हणजे एक पट. निम्मी असेल तर अर्धा पट, दुप्पट असेल तर दोन पट. स्क्रीनवर फोटो किती मोठा दिसतो याचा इथे काही संबंध नाही.

घरमाशी धरा. ती साधारण ७ मिलिमीटर लांब असते. नवशिक्यांसाठीच्या बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांत एपीएस-सी या मापाचा सेन्सर असतो आणि त्याची रुंदी २३ मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे १:१ वर ती माशी फ्रेमच्या रुंदीचा जवळपास तिसरा हिस्सा व्यापते. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल तर माशीच्या लांबीला सुमारे १८०० पिक्सेल मिळतात. अर्ध्या पटीवर ९००. फोनच्या स्क्रीनवर बघायला तेवढेही क्रॉप करून चालून जातात.

आता फुलपाखरू घ्या. पंख पसरून ६ सेंटिमीटरचं फुलपाखरू १:१ वर या सेन्सरवर मावणारच नाही. त्याला ०.३ ते ०.४ पट पुरे. चतुर आणि मोठे नाकतोडे यांचंही तेच. लांबचं जवळ आणणाऱ्या ५५–२५० मिलिमीटरसारख्या साध्या टेलिझूमच्या बऱ्याच लेन्स मुळातच ०.३ पटीच्या जवळ जातात. त्यामुळे तुम्हाला फुलपाखरं आणि चतुरच टिपायचे असतील आणि अशी लेन्स घरात असेल, तर काहीही विकत न घेता आजच सुरुवात करता येईल. मुंग्या, माश्या, छोटे भुंगेरे यांच्यासाठी अर्धा ते एक पट लागतो. मावा तर जेमतेम २–३ मिलिमीटरचा असतो, तिथे दोन पट हवेत. कोणते कीटक टिपायचे हे आधी ठरलं की निम्मी खरेदी तिथेच टळते.

मॅग्निफिकेशन वाढवलं की तीन गोष्टी सहसा कमी होतात: कीटकापासूनचं अंतर, फोकसची खोली आणि उजेड. एपीएस-सी कॅमेऱ्यावर १:१ ला एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं, म्हणजे अपर्चरचं, माप; आकडा जितका मोठा तितकं छिद्र बारीक) ठेवलं तर धारदार दिसणारी खोली फक्त ०.६ मिलिमीटरच्या आसपास असते. दोन पटीवर ती पाव मिलिमीटरपर्यंत खाली येते. म्हणजे डोळा फोकसमध्ये आला की मिशा सुटतात आणि मिशा पकडल्या की डोळा जातो.

मग अपर्चर आणखी बंद करावं, एफ/२२ लावावं, असं वाटतं. इथे दुसरी अडचण आडवी येते. जवळच्या फोटोत लेन्सवर लिहिलेला एफ-आकडा सहसा खरा राहत नाही. खरा आकडा काढायचा तर त्याला (१ + मॅग्निफिकेशन) ने गुणायचं. १:१ वर एफ/८ चा परिणाम एफ/१६ सारखा होतो आणि उजेड चौपटीने घटतो. दोन पटीवर तोच एफ/८ होतो एफ/२४. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्याला डिफ्रॅक्शन म्हणतात, आणि सगळा फोटोच मऊ होतो. मग खोली मिळते खरी, पण तपशील हरवतो. म्हणून एक पटीला एफ/८ ते एफ/११ आणि दोन पटीला एफ/५.६ च्या आसपास थांबणं बरं.

मोठं करण्याचे स्वस्त मार्ग

फोनपासून सुरू करू, कारण तो हातातच असतो. आजकालच्या बऱ्याच फोनमध्ये अल्ट्रावाइड (जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या) कॅमेऱ्यालाच ऑटोफोकस देऊन त्याचा मॅक्रो मोड केलेला असतो आणि तो २–३ सेंटिमीटरपर्यंत जवळ जातो. स्वस्त फोनमधला २ मेगापिक्सेलचा वेगळा 'मॅक्रो कॅमेरा' मात्र सोडून द्या. त्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्याने थोडं लांबून काढून क्रॉप केलेला फोटो सरस येतो. क्लिपने अडकवायची मॅक्रो लेन्स घेतली तर ती मुख्य कॅमेऱ्यावर बरोबर मध्यभागी बसवा आणि त्यासाठी फोनचं कव्हर काढा. लेन्स जराशी तिरपी बसली तरी एक बाजू धूसर येते. फोन जवळ नेताच आपल्या मनाने कॅमेरा बदलतो आणि क्लिप लावलेली असूनही अल्ट्रावाइडकडे उडी मारतो. ही सोय सेटिंगमध्ये बंद करता येते का ते आधी पाहून ठेवा. फोकस लॉक करायचा आणि मग फोनच पुढेमागे हलवायचा. फोनचा सेन्सर लहान असल्याने तेवढ्याच फ्रेममध्ये खोली मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त मिळते, आणि सुरुवातीला हा फायदा मोठाच आहे. उणीव इतकीच की फोन कीटकाच्या अंगावर जातो. सावली पडते, कीटक उडतो.

कॅमेरा असेल तर तीन मार्ग आहेत.

पहिला क्लोजअप लेन्सचा. लेन्सच्या पुढे स्क्रूने किंवा क्लिपने लावायची ही एक काच असते. वाचायचा चष्मा डोळ्यांसाठी जे करतो तेच ती लेन्ससाठी करते. तिची ताकदही चष्म्यासारखीच डायॉप्टरमध्ये सांगतात. मागची लेन्स अनंतावर फोकस केलेली असेल तर हिशोब अगदी सरळ: १००० ला डायॉप्टरने भागलं की कीटकापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मिळतं, आणि मागच्या लेन्सच्या फोकल लेंग्थला (५०, २५० असा तिच्यावर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा) त्या अंतराने भागलं की मॅग्निफिकेशन. रेनॉक्स डीसीआर-२५० ही या कामासाठी प्रसिद्ध असलेली क्लोजअप लेन्स ८ डायॉप्टरची आहे. म्हणजे अंतर १२५ मिलिमीटर. तिच्यामागे ५५–२५० झूम लावली तर १०० मिलिमीटरला ०.८ पट आणि २५० ला चक्क दोन पट. मागून झूम फिरवायची, अंतर जवळपास तेच राहतं. लेन्स न बदलता येणाऱ्या, मोठ्या झूमच्या ब्रिज कॅमेऱ्यावरही ती सुरेख चालते. ज्याच्याकडे आधीच टेलिझूम आहे त्याने बाकी काही बघू नये, हीच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. तिची धाकटी बहीण डीसीआर-१५० ही ४.८ डायॉप्टरची. अंतर जास्त, मॅग्निफिकेशन कमी, आणि फुलपाखरांपासून मधमाश्यांपर्यंत वापरायला जास्त सोपी. +१, +२, +४, +१० अशा संचात मिळणाऱ्या एका काचेच्या फिल्टरपासून जरा सांभाळून. त्यांत रंगांचे किरण एका जागी येत नाहीत, म्हणून चकाकत्या कडांना जांभळी-हिरवी झालर दिसते. दोन काचा चिकटवून हा दोष कमी केलेल्या लेन्सला ॲक्रोमॅट म्हणतात. वर्णनात तो शब्द आहे का ते बघा.

दुसरा मार्ग एक्स्टेन्शन ट्यूबचा. ही नुसती पोकळ नळी असते, आत काच नसते. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये ती बसवली की लेन्स सेन्सरपासून लांब जाते आणि जवळच्या वस्तूवर फोकस करू लागते. नळीची लांबी भागिले फोकल लेंग्थ, एवढं मॅग्निफिकेशन वाढतं. ५० मिलिमीटरच्या लेन्सला ३६ ची ट्यूब लावली तर ०.७२ पटीची भर पडते, लेन्सचे मूळचे ०.१५ धरले तर जवळपास ०.९ पट. तीच ट्यूब २०० मिलिमीटरच्या लेन्सला लावली तर भर जेमतेम ०.१८ ची. क्लोजअप लेन्सचं नेमकं उलट असतं, तिचा जोर लांब लेन्सवर चालतो. म्हणून लेन्स आखूड असेल तर ट्यूब, लांब असेल तर क्लोजअप लेन्स. हे न पाहता खरेदी केल्यामुळे कित्येकांची निराशा होते आणि दोष विनाकारण त्या वस्तूवर जातो. फार वाइड लेन्सला लांब ट्यूब लावली तर फोकसचं ठिकाण लेन्सच्या काचेवरच किंवा आतच येतं, मग तिचा काहीच उपयोग नाही. ट्यूब घेताना इलेक्ट्रॉनिक संपर्कबिंदू असलेलीच घ्या. ते नसतील तर आजच्या बहुतेक लेन्सचं अपर्चर कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही.

तिसरा मार्ग सगळ्यांत स्वस्त आणि माझ्या विशेष आवडीचा: लेन्स उलटी लावणं. साधी लेन्स लांबच्या मोठ्या दृश्याची लहान प्रतिमा करण्यासाठी घडवलेली असते. तिची दिशा उलटली की ती लहान वस्तूची मोठी प्रतिमा करते, तेही उत्तम दर्जाने. लागते फक्त एक रिव्हर्स रिंग. रिंगच्या एका बाजूला कॅमेऱ्याचा माउंट आणि दुसऱ्या बाजूला लेन्सच्या फिल्टरचे आटे. लेन्स फिल्टरच्या आट्यांवर बसते, त्यामुळे ती कोणत्या कंपनीची, कोणत्या माउंटची, याला काही महत्त्व उरत नाही. फिल्म कॅमेऱ्यांच्या काळातली कुठलीही जुनी मॅन्युअल लेन्स चालते, फिल्टरचं माप जुळलं की झालं. हे माप बहुधा ४९, ५२, ५५ किंवा ५८ मिलिमीटर असतं. उलटी ५० मिलिमीटर साधारण एक पट देते, २८ मिलिमीटर दोन पटींहून थोडं जास्त. थॉमस शाहान या अमेरिकी छायाचित्रकाराने उडी मारणाऱ्या कोळ्यांचे जे चेहरे टिपले आणि जे जगभर पोचले, त्यामागे जुन्या उलट्या लेन्स आणि घरी केलेला डिफ्यूझर, म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करणारा पडदा, होता.

जुनीच लेन्स का? कारण तिला अपर्चरची रिंग असते. नव्या लेन्स उलट्या लावल्या की कॅमेऱ्याशी त्यांचा संपर्क तुटतो आणि अपर्चर हातात राहत नाही. जुन्या लेन्सची रिंग फिरवली की अपर्चर बदललं, इतकं ते साधं. लेन्स वापरलेली घेताना ती उजेडासमोर धरून आरपार बघा. जाळ्यासारखी बुरशी दिसली तर घेऊ नका. अपर्चरची पाती रिंग फिरवताच चटकन हलतात का, त्यांना तेल लागलंय का, तेही तपासा. थोडी धूळ असेल तर फोटोत काही फरक पडत नाही. या पद्धतीच्या दोन उणिवा मात्र मान्य कराव्या लागतात. २८ मिलिमीटरला कीटकापासून अंतर फक्त ५–६ सेंटिमीटर मिळतं. आणि मॅग्निफिकेशन एकाच जागी बांधलेलं असतं, त्यामुळे मुंगीवरून नजर चतुराकडे गेली तर हळहळत बसावं लागतं.

उजेड: पैसे आणि डोकं इथे लावा

वरच्या तिन्ही मार्गांत उजेड कमी पडतो. तो भरून काढायला आयएसओ (सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) वाढवला तर दाणे येतात, शटर मंद केलं तर हात हलतो. मोठ्या मॅग्निफिकेशनला हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा होतो. त्यात वारा, त्यात कीटकाची हालचाल. या सगळ्यावर एकच स्वस्त उपाय आहे, तो म्हणजे फ्लॅश. ऑटोमॅटिक मोजमापाचा महागडा फ्लॅश नको, हाताने पॉवर कमीजास्त करता येणारा साधा मॅन्युअल फ्लॅश पुरतो.

फ्लॅशची खरी जादू त्याच्या वेगात आहे. फ्लॅशचा झोत पूर्ण ताकदीला सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास टिकतो, पण पॉवर १/३२ किंवा १/६४ वर आणली की तो कित्येक पटींनी आखूड होतो, सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी. कॅमेऱ्याचं शटर १/२०० वर असलं तरी चित्र उमटतं ते त्या क्षणभराच्या झोतात. हाताचा कंप, फांदीचं डुलणं, मिशांची थरथर, सगळं जागच्या जागी थांबतं.

आयएसओ १०० किंवा २००, शटर १/२००, अपर्चर एफ/८, फ्लॅश १/१६, यापासून सुरुवात करा. दोन-चार फोटो काढून फ्लॅशची पॉवर खालीवर करा. मॅक्रोमध्ये एक सोय आपसूक मिळते. दिलेल्या मॅग्निफिकेशनला कीटक, लेन्स आणि फ्लॅश यांच्यातली अंतरं कायम तीच असतात, म्हणून एकदा एक्स्पोजर जमलं की दिवसभर त्याला हात लावावा लागत नाही. मॅन्युअल मोडची धास्ती असलेल्यांना हे सहसा कुणी सांगत नाही.

उघडा फ्लॅश मात्र नको. भुंगेऱ्याची पाठ चकचकीत असते, ती उजेडाचा उगमच जसाच्या तसा परावर्तित करते. उघड्या फ्लॅशने तिथे पांढरा जळका ठिपका येतो आणि त्याखालचे रंग पार पुसले जातात. उजेड मऊ व्हायला त्याचा उगम कीटकाच्या मानाने मोठा आणि जवळ हवा. ढगाळ दिवशी सावल्या मऊ होतात त्या याच कारणाने, सगळं आभाळच दिवा झालेलं असतं. आपल्याला तसं तळहाताएवढं आभाळ कीटकाच्या डोक्यावर आणायचंय.

ते घरी करता येतं. पुठ्ठ्याचा एक उघडा पन्हळ करा, फ्लॅशच्या तोंडापासून लेन्सच्या टोकापर्यंत पोचेल इतका लांब, पुढे रुंद होत जाणारा. आतून ॲल्युमिनियम फॉइल चिकटवा, चुरगळून मग सरळ केलेली असेल तर जास्त चांगली. पुढचं तोंड खाली, कीटकाकडे झुकलेलं ठेवा आणि त्यावर ट्रेसिंग पेपर लावा. पार्सलमध्ये वस्तूंभोवती गुंडाळलेला पातळ पांढरा फोमही त्या जागी उत्तम चालतो. त्याच्या आत २–३ सेंटिमीटर जागा सोडून दुसरा थर द्या. हा दुसरा थर महत्त्वाचा. एकाच थरात मधोमध तेजस्वी डाग राहतो, दोन थरांत उजेड सगळीकडे सारखा पसरतो. रबरबँडने सगळं फ्लॅशवर अडकवा. कॅमेऱ्याच्या अंगच्या पॉपअप फ्लॅशलाही असाच पन्हळ करता येतो. तिथे तर तो हवाच, कारण नाहीतर लेन्सचीच सावली कीटकावर पडते.

डिफ्यूझर जमलाय की नाही हे तपासायला कीटक शोधायची गरज नाही. काळं चकचकीत बटण घ्या आणि त्याचा क्लोजअप काढा. बटणावरच्या चकाकीकडे बघा. कडा कापल्यासारखा छोटा पांढरा ठिपका दिसला तर उजेड अजून कडक आहे. मध्यात फिका, कडांकडे हळूहळू विरत जाणारा मोठा पट्टा दिसला तर काम झालं. चकाकीत मधोमध जास्त पांढरा गोळा असेल तर दोन थरांतलं अंतर वाढवा. अर्धा तास या बटणावर घालवला तर पुढचे कित्येक दिवस वाचतात.

फ्लॅशच्या फोटोंत पार्श्वभूमी काळीकुट्ट येते, त्याचंही कारण साधं आहे. अंतर दहापट झालं की उजेड शंभरावा हिस्सा उरतो. डिफ्यूझर कीटकापासून ५ सेंटिमीटरवर असेल तर अर्ध्या मीटरवरच्या झुडपापर्यंत काहीच पोचत नाही. काळं नको असेल तर असा कोन निवडा की कीटकाच्या लगेच मागे एखादं पान येईल.

एलईडीच्या स्वस्त रिंग लाइटबद्दल विचारणा फार होते. माझं मत त्यांच्या बाजूने नाही. त्यांचा उजेड फ्लॅशच्या मानाने फार थोडा असतो आणि प्रत्येक चकचकीत डोळ्यात पांढरं कडं उमटतं.

कीटकाजवळ जाणं

कीटकांचं शरीर स्वतःचं तापमान सहसा फार राखू शकत नाही. पहाटे गारठ्यात त्यांचे स्नायू थंड असतात आणि ऊन लागेपर्यंत बहुतेकांना उडता येत नाही. पंखांवर दव घेऊन गवताच्या काडीला चिकटलेला चतुर तुम्हाला हातभर अंतरावरून हवा तितका वेळ देतो. दुपारी तोच समोर टिकत नाही. संध्याकाळही चांगली. एकेकट्या राहणाऱ्या काही मधमाश्यांचे नर तेव्हा काडी जबड्यात पकडून झोपायला येतात आणि तसेच लटकून राहतात.

कीटकांचे संयुक्त डोळे बारीक तपशिलापेक्षा हालचाल टिपण्यात तरबेज असतात. म्हणून सरळ समोरून, एका लयीत, फार सावकाश जा. हात आडवा हलवू नका, आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका आणि तो बसलेल्या झाडाच्या कुठल्याही फांदीला धक्का लावू नका. चतुर उडाला तर जागा सोडू नका. बरेच चतुर फिरून त्याच टोकावर येऊन बसतात.

ऑटोफोकस बंद करा. लेन्सचं फोकस एका जागी ठेवायचं आणि सगळं शरीर कणभर पुढेमागे झुलवायचं. डोळा धारदार दिसला त्याच क्षणी बटण दाबायचं. ट्रायपॉड जिवंत कीटकांसाठी बहुधा अडचणच होतो. त्यापेक्षा डाव्या हाताच्या दोन बोटांत काडी किंवा पानाचा देठ हलकेच धरा आणि लेन्सचं टोक त्याच हातावर टेकवा. आता कीटक आणि कॅमेरा एकत्र हलतात, वाऱ्याचा प्रश्न जवळपास मिटतो. हे जमायला थोडे दिवस जातात, पण स्थिर फोटोंसाठी याहून मोठी कुठलीही फुकटची युक्ती मला माहीत नाही.

खोली मिलिमीटरहून कमी आहे हे लक्षात ठेवून कोन निवडा. चतुर किंवा पंख मिटलेलं फुलपाखरू बाजूने, सेन्सरला समांतर धरलं तर डोक्यापासून शेपटापर्यंत सगळं एकाच प्रतलात येतं. समोरून चेहरा टिपताना दोन्ही डोळे सारख्या अंतरावर ठेवा, बाकी धूसर झालं तरी बिघडत नाही. आणि खाली बसा. वरून काढलेल्या फोटोत कीटकाची फक्त पाठ दिसते. त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर उतरलं की तो समोर उभा ठाकतो.

सराव कुठे करायचा म्हणाल, तर मावा पडलेली एखादी कोवळी फांदी शोधा. मावा हलत नाही, आणि तिथे सगळं जग भरलेलं असतं. मुंग्या मिशांनी माव्याच्या पाठीवर टकटक करतात आणि त्याच्या मागच्या टोकाशी गोड रसाचा टपोरा थेंब फुगतो. तो मुंगीने उचलायच्या आत टिपायचा. त्याच फांदीवर लेडीबर्डची काटेरी अळी एकेक मावा पकडून खात सरकत असते. होव्हरफ्लाय या मधमाशीसारख्या दिसणाऱ्या माशीची अळी त्याहून मंद, बिनपायांची, पानाच्या रंगाची, नीट बघितल्याशिवाय दिसत नाही. मधूनच एखादा मावा कागदासारखा कोरडा, तपकिरी आणि फुगलेला दिसतो. तो मेलेला असतो. एका इवल्याशा परजीवी गांधीलमाशीने त्यात अंडं घातलेलं असतं आणि पाठीवर गोल भोक दिसत असेल तर नवी गांधीलमाशी बाहेर पडून गेलेली असते. ही एवढीशी फांदी दोन पटीवर कितीतरी सकाळ पुरते.

फोटोसाठी कीटकाला फ्रिजमध्ये ठेवून गारठवणं, चिकटवणं, मारणं, यातलं काहीही करू नका. गारठवलेल्या कीटकाचे पाय आणि मिशा अनैसर्गिक आखडलेल्या असतात, जाणत्याला ते लगेच कळतं. पण ते कळलं नसतं तरीही ते करण्यासारखं नाही. पान बाजूला सारलं असेल तर पुन्हा होतं तसं ठेवा, कारण त्या पानाआड कुणीतरी शत्रूपासून लपलेलं असतं. केसाळ सुरवंटांना हात लावू नका, अनेकांचे केस कातडीत रुतून जळजळ करतात. गांधीलमाशीच्या पोळ्याजवळ फ्लॅश घेऊन जाऊ नका.

पुढचं थोडं

डोळाही हवा आणि मिशाही, तर फोकस कणाकणाने सरकवत अनेक फोटो काढून संगणकावर एक करता येतात. याला स्टॅकिंग म्हणतात. एनफ्यूज आणि कंबाइनझेडपी ही त्यासाठीची मोफत सॉफ्टवेअर, हेलिकॉन फोकस आणि झेरीन स्टॅकर ही विकतची. ब्रिटिश छायाचित्रकार लेव्हन बिस यांनी ऑक्सफर्डच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातल्या कीटकांचे फोटो असेच केले, एकेका कीटकासाठी ८ ते १० हजार फोटो जोडून. तो संग्रहातल्या नमुन्यांचा आणि प्रयोगशाळेसारख्या मांडणीचा मामला. झोपलेल्या मधमाशीचे, कॅमेरा हातात धरून काढलेले पाच-सहा फोटोही जुळतात, पण ते एक पट आणि फ्लॅश हातात बसल्यानंतर. आधी त्यामागे लागलं तर उत्साह संपतो.

टिपलेला कीटक कोणता हे कळावं असं वाटत असेल तर आयनॅचरलिस्ट या वेबसाइटवर फोटो टाका. तिथे जगभरचे जाणकार ओळख पटवायला मदत करतात. त्यासाठी एक सुंदर फोटो पुरत नाही. वरून एक, बाजूने एक, चेहऱ्याचा एक, आणि पंखांच्या शिरा दिसतील असा एक, एवढे चार हवेत. मधमाशीसारखी दिसणारी माशी ओळखायची तर पंख मोजायचे. माशीला दोनच असतात, मधमाशीला चार. पण मधमाशीचे पुढचे-मागचे पंख आकड्यांनी एकमेकांना जोडलेले असल्याने ते दोनच भासतात. म्हणून मिशाही फोकसमध्ये घ्या: मधमाशीच्या लांब आणि कोपरासारख्या वाकलेल्या, तर तिची नक्कल करणाऱ्या होव्हरफ्लायच्या बहुधा आखूड आणि बोथट. कीटक ज्या झाडावर होता त्याच्या पानाचाही एक फोटो जोडा. कित्येक जाती एखाद्-दोन झाडांवरच वाढतात, आणि तिथे कीटकाचं नाव झाडावरून लवकर सापडतं.